उसने शेअर मिळतात कुठे? ठाणे-नवी मुंबईच्या किरकोळ गुंतवणूकदारासाठी एसएलबीची वाट

एखादा शेअर पडणार असे वाटते, पण तो आपल्याकडे नाही. सकाळी विकायचा आणि साडेतीनच्या आत परत घ्यायचा, ही इंट्राडेची वाट नौपाड्यातल्या कुठल्याही सब-ब्रोकरच्या ऑफिसात चहा आणणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. पण पडझड एका दिवसात होणार नसेल, कंपनीचा निकाल लागायला तीन आठवडे असतील आणि तोवर शॉर्ट (जवळ नसलेल्या शेअरची विक्री) धरून ठेवायचे असेल, तर ती वाट उपयोगाची नाही. डिलिव्हरी द्यायची तर शेअर हातात हवा, आणि तो कोणाकडून तरी उसना घ्यावा लागतो.

यासाठी बाजारात सिक्युरिटीज लेंडिंग अँड बॉरोइंग, म्हणजे एसएलबी, नावाचा रीतसर विभाग आहे. तो एप्रिल २००८ पासून चालू आहे, तरी नेहमी सौदे करणाऱ्यांपैकीही थोड्यांनीच त्याचा पडदा (स्क्रीन) उघडून पाहिलेला असतो. माझे म्हणणे एवढेच की शोधाचा क्रम उलटा ठेवा. आधी त्या शेअरला उसने देणारा कोणी आहे का आणि किती फी मागतोय ते पाहा, मग मंदीचे मत पक्के करा. मत आधी बनले की माणूस मिळेल त्या फीला शेअर उचलतो, किंवा मिळाला नाही म्हणून भलत्याच जोखमीच्या सौद्यात शिरतो.

नियम काय सांगतो

भारतात शॉर्ट विक्रीला बंदी नाही. मनाई आहे ती शेअर जवळ नसताना आणि उसनाही न घेता विकून डिलिव्हरी चुकवण्याला. किरकोळ आणि संस्थात्मक, दोघांनाही शॉर्ट करता येते. संस्थांना ऑर्डर टाकतानाच ‘ही शॉर्ट आहे’ असे सांगावे लागते. किरकोळ गुंतवणूकदाराने त्याच दिवशी बाजाराचे काम संपेपर्यंत ब्रोकरला कळवायचे असते. बाजार नियामक सेबीने जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात हे पुन्हा स्पष्ट केले.

हे नियम मागच्या अनुभवातून आलेत. २००१ च्या घोटाळ्यानंतर मार्चमध्ये शॉर्ट विक्रीवर बंदी आली आणि जुलैत बदला पद्धत (सौद्याचा निपटारा पुढे ढकलत नेण्याची जुनी रीत) कायमची बंद झाली. पुढे डिसेंबर २००७ मध्ये सेबीने एसएलबीची चौकट आखली. सुरुवातीला मुदत फक्त सात दिवसांची होती, त्यामुळे कोणी फिरकलेच नाही. मग ती तीस दिवस झाली आणि २०१० मध्ये बारा महिन्यांपर्यंत वाढली.

परदेशातल्या व्हिडिओंमधून शिकून आलेल्यांची इथे हमखास गफलत होते. तिकडे ब्रोकर आपल्याच ग्राहकांच्या मार्जिन खात्यातले शेअर दुसऱ्या ग्राहकाला देतो, म्हणून ‘माझ्या ब्रोकरकडे साठा आहे का?’ हा प्रश्न तिकडे बरोबर ठरतो. आपल्याकडे ग्राहकाचे शेअर त्याच्याच डीमॅटमध्ये राहतात. सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठीसुद्धा (सौद्याची हमी म्हणून) ते डीमॅटमधूनच तारण ठेवले जातात आणि ब्रोकरला परस्पर वापरता येत नाहीत. त्यामुळे ब्रोकरकडे साठा नसतो. देणारा आणि घेणारा दोघेही बाजाराच्या पडद्यावर येतात, एकमेकांना ओळखत नाहीत, आणि मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन हमीदार म्हणून उभे राहते.

मावशीच्या डीमॅटमधले शेअर चालतील का?

हा प्रश्न ठाण्यात हमखास निघतो, कारण घराघरात कोणीतरी असते, ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी चांगल्या कंपन्यांचे शेअर घेतले आणि विसरून गेले. ‘मावशी, तुझे पाचशे शेअर महिनाभर माझ्या डीमॅटला टाक, परत करतो.’ मावशी ओटीपी देईलही. तरी हे करू नका.

एसएलबीतून दिलेले शेअर हे आयकराच्या दृष्टीने हस्तांतरण धरले जात नाही, ही सवलत सेबीच्या योजनेखाली, मान्यताप्राप्त मध्यस्थामार्फत झालेल्या व्यवहारालाच आहे. घरातल्या घरात ऑफ-मार्केट केलेल्या उसनवारीला ती लागू नाही. मावशीला पंचवीस वर्षांच्या नफ्यावर करासाठी खुलासे देत बसावे लागू शकते. वर भाव दुप्पट झाला तर तुमच्याकडून शेअर वसूल करायला तिच्या हातात फक्त नातेच उरते. मावशीला खरोखर द्यायचे असतील तर तिने आपल्या ब्रोकरकडे एसएलबीत देणाऱ्याची बाजू सुरू करावी. फी तिला मिळेल, लाभांशही मिळेल, आणि शेअर कोणी नेले हे तिला कळणारही नाही. ते तुमच्याकडेच येतील असे मात्र सांगता येत नाही.

व्हॉट्सअॅपवर ‘आम्ही शॉर्टसाठी शेअर पुरवतो’ म्हणणारे कोणी भेटले तर नंबर ब्लॉक करा.

पहिली पायरी: तुमचा ब्रोकर उसने घेऊ देतो का?

बहुतेकांचा शोध इथेच संपतो. एसएलबी हा वेगळा विभाग आहे. रोख बाजार आणि वायदे (पुढच्या तारखेचे सौदे, म्हणजे फ्युचर-ऑप्शन) चालू असले म्हणून तो चालू असेलच असे नाही. सगळेच ब्रोकर तो ठेवत नाहीत, आणि जे ठेवतात त्यांतल्या अनेकांना शेअर ‘देणारे’ ग्राहक हवे असतात. घेणाऱ्याच्या बाजूला मार्जिन आणि परतफेडीची जबाबदारी असते, ब्रोकरला तो व्याप वाटतो. म्हणून जाहिरातीत ‘पडून असलेल्या शेअरवर कमाई करा’ वाचून खुश होऊ नका. ती दुसऱ्या बाजूची जाहिरात आहे.

गोखले रोडवरच्या किंवा वाशीतल्या शाखेत जाऊन विचारण्यात अर्थ आहे, पण समोरच्या रिलेशनशिप मॅनेजरला याची माहिती नसण्याची शक्यता मोठी. मुख्य कार्यालयातल्या एसएलबी डेस्कचा फोन किंवा ईमेल मागून घ्या. बोलणे साधारण असे व्हावे:

‘नमस्कार, मला एसएलबीत शेअर उसने घ्यायचेत, द्यायचे नाहीत. तुमच्याकडे किरकोळ ग्राहकाला ती बाजू उघडून मिळते का?’

‘मिळते सर, पण ऑर्डर फोनवर द्यावी लागेल.’

‘चालेल. कमीत कमी किती रकमेचा सौदा घेता? मार्जिन किती टक्के? रोखच लागते की तारण ठेवलेले शेअरही चालतात? दलाली फीवर टक्क्याने लावता की शेअरच्या किमतीवर? मुदतीआधी परत करायचे झाले तर ती ऑर्डर टाकता का? आणि हे सगळे मला ईमेलवर पाठवा.’

शेवटच्या वाक्यावर अडून राहा. बाजारात एक शेअरसुद्धा उसना घेता येतो, पण ब्रोकर आपली किमान रक्कम ठरवतो आणि ती काही लाखांत असू शकते. मुदतीआधी परत करायची सोय तुमच्या ब्रोकरकडे नसेल, तर तुमचा अंदाज पहिल्याच आठवड्यात खरा ठरला तरी तुम्ही तारखेपर्यंत अडकून पडता.

विभाग सुरू करायला ब्रोकरच्या अर्जावर संमती द्यावी लागते आणि हक्क-जबाबदाऱ्यांचा कागद वाचून सही करावी लागते. डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर डीमॅटमधून काढायची ब्रोकरला दिलेली लेखी परवानगी, दिलेले नसेल तर तेही याच वेळी करून घ्या. नाहीतर उसने घेतलेले शेअर विकताना दरवेळी टीपिन आणि ओटीपीची कसरत येते, आणि ठाणे-सीएसएमटी लोकलमध्ये मुलुंड-कुर्ल्याच्या मध्ये ओटीपीची वाट पाहणे कोणाला चुकलेले नाही.

दुसरी पायरी: पडद्यावर देणारा शोधणे

ब्रोकरचा होकार येईपर्यंत हे काम फुकटात करता येते. एनएसईच्या संकेतस्थळावर बाजारभावांच्या विभागात एसएलबीचा तक्ता मिळतो. प्रत्येक शेअरपुढे महिन्यानुसार मालिका दिसतात: चालू महिना, पुढचा, त्यापुढचा, असे बारा महिन्यांपर्यंत. पण बारापैकी दहा रकाने बहुतेक वेळा रिकामे असतात. खरी हालचाल जवळच्या एक-दोन मालिकांत असते.

तक्त्यात शेअर उसने मागणाऱ्याची बिड, देणाऱ्याची ऑफर, शेवटचा झालेला सौदा, मूळ शेअरचा भाव, त्याच्या फ्युचरचा भाव, वार्षिक दराने होणारा परतावा आणि उभ्या सौद्यांची संख्या असते. तुम्ही घेणारे आहात, म्हणून ऑफरचा रकाना तुमचा. तिथे आकडा असेल तर देणारा बसलेला आहे. ऑफर रिकामी आणि फक्त बिडा लागलेल्या असतील तर तुमच्यासारखेच मंदीवाले रांगेत उभे आहेत.

ऑफरपुढची संख्याही पाहा. तुम्हाला पाचशे हवेत आणि ऑफर दोनशेची असेल, तर उरलेले तीनशे वरच्या फीला घ्यावे लागतील किंवा मिळणारच नाहीत. अर्धवट शॉर्ट घेऊन बसायची तयारी आहे का, हे आधीच ठरवा.

एसएलबीत सगळे शेअर येत नाहीत. वायद्यांत असलेले शेअर येतात, शिवाय ठरावीक निकषांत बसणारे आणखी काही. नेमकी इथेच निराशा होते. ज्या लहानशा, फुगवलेल्या कंपनीचे दिवस भरलेत असे तुम्हाला वाटते, तिचा शेअर यादीत नसतो. असला तरी देणारा नसतो, कारण मोठ्या प्रमाणावर शेअर देऊ शकणारे म्युच्युअल फंड आणि विमा कंपन्या तो बाळगत नाहीत. आणि जो शेअर सहज उसना मिळतो, तो बहुधा फ्युचरमध्येही सहज शॉर्ट करता येतो.

पाच-सहा दिवस रोज एकदा तक्ता पाहून फी वहीत लिहून ठेवा. एसएलबी सकाळी सव्वानऊ ते संध्याकाळी पाचपर्यंत चालतो, त्यामुळे ऐरोली-घणसोलीत नोकरी करणाऱ्यांना चारच्या चहाला पाहायलाही जमते. फी अचानक वाढली तर कारण शोधा: मोठा लाभांश, बायबॅक, फ्युचर डिस्काउंटला, म्हणजे रोख भावाच्या खाली, जाणे. कारण न शोधता महाग फी भरणे म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी आधीच माहीत असलेल्या गोष्टीची किंमत भरणे.

तिसरी पायरी: फीचा हिशेब

एसएलबीतली फी दर शेअरमागे रुपयांत असते आणि ती पूर्ण मुदतीची असते, वर्षाची नाही. तीन रुपये वीस पैसे हा आकडा स्वस्त वाटतो. तो किती दिवसांसाठी आहे हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

कल्पित उदाहरण घेऊ. शेअरचा भाव ४०० रुपये, आपल्याला ५०० शेअर हवेत, परतफेडीला ३२ दिवस आहेत आणि ऑफर आहे ३.२० रुपयांची. ३.२० भागिले ४०० म्हणजे ०.८ टक्का. त्याला ३६५ ने गुणून ३२ ने भागले की वार्षिक दर साधारण ९.१ टक्के येतो. सोनेतारण कर्जाच्या दराजवळ जाणारी ही किंमत आहे, आणि फी सुरुवातीलाच, शेअर हातात येताना, पूर्ण भरावी लागते.

फी एकूण १,६०० रुपये. तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८८. ऑक्टोबर २०१९ पासून हा जीएसटी उलट आकारणीने घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर येतो. बरेच जण हिशेबात तो धरत नाहीत. ब्रोकरची दलाली फीच्या १५ टक्के धरली तर २४० रुपये आणि त्यावरचा जीएसटी ४३. शेअर दोन लाखांना विकताना एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहार कर, ०.१ टक्क्याने २०० रुपये. भाव ३८० झाल्यावर परत घेतले तर १,९०,००० च्या खरेदीवर पुन्हा १९० रुपये एसटीटी आणि सुमारे २९ रुपये मुद्रांक शुल्क. बेरीज २,५९० च्या आसपास. डीपी शुल्क, बाजाराचे शुल्क आणि डिलिव्हरीची दलाली धरून आपण २,७०० म्हणू.

भाव वीस रुपये उतरला, तर कागदावर नफा १०,०००. हातात येतात सुमारे ७,३००. उलट बाजूने पाहिले तर भाव किमान साडेपाच रुपये उतरेपर्यंत तुम्ही तोट्यातच आहात. भाव ४०० वरच रेंगाळला तर महिनाभर बसल्याचे भाडे म्हणून २,७०० गेले.

आता लाभांश. मधल्या काळात कंपनीने ६ रुपये लाभांश दिला तर तो तुमच्याकडून वसूल करून मूळ मालकाला दिला जातो. पाचशे शेअरचे ३,००० रुपये. लाभांशाच्या दिवशी भाव साधारण तेवढाच उतरतो, त्यामुळे हा शुद्ध तोटा नाही. पण ते सहा रुपये तुमच्या अंदाजाचे यशही नाही. वीस रुपयांच्या घसरणीत सहा लाभांशाचे असतील तर तुमचे खरे चौदाच.

फ्युचर स्वस्त पडतो का?

बहुतेक वेळा पडतो. त्याच शेअरचा फ्युचर ३९७ ला असेल, तर फ्युचर विकून तुम्ही रोख भावाच्या तीन रुपये खाली विकता. ही तुमची उघड किंमत. एसएलबीत फी आणि जीएसटी मिळून ३.७८ आणि वर बाकीचे खर्च. शिवाय फ्युचरला पूर्ण रक्कम अडकवावी लागत नाही. या उदाहरणात एसएलबीचा नाद सोडून द्यावा.

मग एसएलबी घ्यायचा कधी? फ्युचरचा डिस्काउंट उसनवारीच्या सगळ्या खर्चाहून खोल गेला असेल तेव्हा. किंवा फ्युचरचा एक लॉट (ठरावीक शेअरचा किमान गठ्ठा) तुमच्या आवाक्याबाहेर असेल आणि तुम्हाला थोडेच शेअर शॉर्ट करायचे असतील, तुमचा ब्रोकर तेवढा छोटा सौदा घेत असेल तर. आणखी एक खरी गरज म्हणजे वायद्यांची प्रत्यक्ष डिलिव्हरी. ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या शेअर-वायद्यांचा निपटारा शेअर देऊन-घेऊन होतो. विकलेला फ्युचर समाप्तीपर्यंत राहिला तर शेअर द्यावेच लागतात. ते नसतील आणि शॉर्ट पुढे चालूही ठेवायची असेल, तर एसएलबीतून घेऊन देता येतात.

तुलना करताना तारखा जुळवून घ्या. फ्युचर महिनाअखेरीस संपतो, एसएलबीची परतफेड त्यानंतरच्या तारखेला असते. एनएसईवर महिन्याचा पहिला गुरुवार ही जुनी रीत. पण सप्टेंबर २०२५ पासून वायद्यांच्या समाप्तीचा वारच बदलून मंगळवार झाला, तेव्हा सवयीवर न जाता मालिकेपुढे लिहिलेली तारीख वाचा.

चौथी पायरी: पैसे आधी, शेअर नंतर

उसने घेणाऱ्याला शेअरच्या पूर्ण किमतीइतके मार्जिन ठेवावे लागते, वर व्हीएआर आणि एक्स्ट्रीम लॉस मार्जिन (भाव अचानक उसळला तर हाताशी असावे म्हणून घेतलेली जादा हमी), आणि रोजचा एमटीएम, म्हणजे भावातल्या फरकाची भरपाई. आपल्या उदाहरणात हे वरचे मार्जिन २० टक्के धरले तर सुरुवातीला २,४०,००० आणि फीचे पैसे तयार लागतात. शेअर विकल्यावर दोन लाख खात्यात येतात खरे, पण ते तुमचे नसतात. शेअर परत करेपर्यंत मार्जिन म्हणून अडकूनच राहतात. शॉर्ट केल्याचे पैसे दुसरीकडे फिरवू, असा बेत असेल तर तो इथेच सोडा.

भाव ४४० वर गेला तर वीस हजारांचा एमटीएम आणि वाढलेल्या किमतीवरचे जादा मार्जिन त्याच दिवशी मागितले जाते. म्हणून मार्जिनपलीकडे सौद्याच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाइतकी तरी रोकड मोकळी ठेवावी असे माझे मत. ती नसेल तर ब्रोकर तुमच्या सोयीची वेळ पाहणार नाही.

वायद्यांत नसलेल्या शेअरना दोन, पाच, दहा किंवा वीस टक्क्यांचे सर्किट (दिवसभरात भाव वर-खाली जाण्याची मर्यादा) असते. शेअर वरच्या सर्किटला बंद झाला की विकणारा नसतो, आणि तुम्हाला तर खरेदीच करायची असते. असा शेअर एसएलबीत मिळाला तरी मी हात लावणार नाही.

पाचवी पायरी: सौदा

सुरक्षित क्रम असा. पहिल्या दिवशी एसएलबी डेस्कला फोन करून मालिका, संख्या आणि जास्तीत जास्त फी सांगा. ‘बाजारभावाने घ्या’ असे कधी म्हणू नका. पातळ बाजारात पुढची ऑफर दुप्पट असू शकते. सौदा झाला की संध्याकाळी काँट्रॅक्ट नोट तपासा: परतफेडीची तारीख, दर शेअर फी, जीएसटी. दुसऱ्या दिवशी, म्हणजे टी अधिक एकला, शेअर डीमॅटमध्ये येतात. सीडीएसएल किंवा एनएसडीएलच्या अॅपवर ते दिसले की मगच रोख बाजारात डिलिव्हरीसाठी विका, आणि ही शॉर्ट विक्री असल्याचे ब्रोकरला त्याच दिवशी ईमेलने कळवा.

त्याच दिवशी उसने घेऊन त्याच दिवशी विकण्याचा मोह होतो, कारण भाव डोळ्यांसमोर घसरत असतो. दोन्हींचा निपटारा दुसऱ्या दिवशीच असतो. शेअर तुमच्याकडे येण्याची आणि तुम्ही देण्याची वेळ जुळते का, हे ब्रोकरच्या यंत्रणेवर अवलंबून असते. त्यांनी लेखी ‘हो’ म्हटले असेल तरच हे करा.

घाई चुकली तर काय होते? विकलेले शेअर देता आले नाहीत की बाजार लिलावातून ते विकत घेतो. लिलावातही मिळाले नाहीत तर क्लोज-आउट होतो: विक्रीच्या दिवसापासून लिलावापर्यंतचा सर्वांत वरचा भाव, किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावावर २० टक्के, यांतला जो जास्त तो तुमच्या माथी. इंट्राडे शॉर्ट अडकलेल्यांचीही गत हीच. रोख बाजार साडेतीनला बंद झाल्यावर एसएलबी दीड तास चालू असतो. पण तुमचा विभाग आधीच सुरू असेल आणि उसने शेअर पे-इनच्या (शेअर जमा करायच्या वेळेच्या) आत पोचवण्याची तयारी ब्रोकरने दाखवली असेल, तरच त्याचा उपयोग.

मधल्या दिवसांत काय पाहायचे

लाभांशाचे वर आले. शेअरचे विभाजन झाले तर सौद्यातली संख्या त्या प्रमाणात बदलते, तुम्हाला काही करावे लागत नाही. बोनस, हक्कभाग किंवा विलीनीकरण आले तर मात्र सौदा मुदतीआधीच बंद केला जातो. उरलेल्या दिवसांची फी प्रमाणात परत मिळते, पण शेअर त्या तारखेला द्यावेच लागतात. आणि त्या शेअरचे सगळेच शॉर्टवाले त्याच दोन-तीन दिवसांत खरेदीला उतरतात. बोनसच्या बातमीने भाव आधीच वर गेलेला, त्यात ही सक्तीची खरेदी. म्हणून शॉर्ट घेण्याआधी कंपनीच्या संचालक मंडळाच्या बैठकीची कार्यक्रमपत्रिका बाजाराच्या संकेतस्थळावर वाचा. ‘बोनसचा विचार’ असा एक जरी शब्द दिसला तरी थांबा.

देणाऱ्यालाही आपले शेअर मुदतीआधी परत मागायची सोय आहे. त्याचा फटका थेट तुम्हाला बसत नाही; त्याच्यासाठी बाजारातून दुसरा देणारा शोधला जातो. तुम्हाला मात्र लवकर परत करायचे झाले तर भरलेली फी आपोआप परत येत नाही. उरलेल्या दिवसांसाठी तोच शेअर हवा असलेला कोणी भेटला तर काही मिळते, नाहीतर मार्जिन सुटले यातच समाधान.

सहावी पायरी: परत देणे

बहुतेक लोक शॉर्ट कधी घ्यायची याचा विचार महिनाभर करतात आणि परत कधी घ्यायची याचा शेवटच्या दिवशी. परतफेडीच्या तारखेला शेअर डीमॅटमध्ये जमा असले पाहिजेत. आज घेतलेले शेअर उद्या येतात. पण तुम्हाला विकणाऱ्यानेच डिलिव्हरी चुकवली तर? मग तुमचे शेअर लिलावातून, आणखी एक दिवस उशिरा येतात, किंवा शेअर न येता पैसेच येतात. इकडे तुमची परतफेड चुकते आणि तुमच्यावरही बाय-इनचा, म्हणजे तुमच्या खर्चाने सक्तीच्या खरेदीचा, बडगा येतो. म्हणून तारखेआधी किमान चार कामकाजाचे दिवस हातात ठेवून खरेदी करा. मध्ये गणेशोत्सव, दिवाळी किंवा निवडणुकीची सुट्टी येते का तेही पाहा. दिवाळीच्या आठवड्यात तर कॅलेंडर दोनदा पाहा.

शॉर्ट पुढे न्यायची असेल तर पुढच्या मालिकेत रोलओव्हर करता येतो. त्याची फी नव्याने ठरते आणि ब्रोकर ही सोय देईलच असे नाही, तेव्हा हा प्रश्न पहिल्याच फोनमध्ये विचारून ठेवा. रोलओव्हर हाताशी नसेल तर परतफेडीची तारीख हीच शॉर्टची शेवटची तारीख.

कराबद्दल थोडक्यात

उसने घेताना आणि परत करताना एसटीटी लागत नाही. तो रोख बाजारातल्या विक्रीवर आणि खरेदीवर लागतो. नफा कोणत्या सदरात दाखवायचा हे तुमच्या एकूण उलाढालीवर ठरेल, म्हणून सगळ्या काँट्रॅक्ट नोटा आणि लेजर जपून ठेवा आणि तुमच्या सीएला मार्चमध्ये नाही, सौद्याच्या आधी विचारा. शॉर्ट विक्री मार्चमध्ये आणि परतीची खरेदी एप्रिलमध्ये पडत असेल तर हे विचारणे टाळूच नका.

ब्रोकरने परतफेडीत घोळ घातला किंवा कबूल न केलेले शुल्क लावले, तर आधी त्याच्याच तक्रार विभागात लेखी जा, मग सेबीच्या स्कोअर्स या तक्रार-पोर्टलवर. सुरुवातीला मागितलेला तो ईमेल इथे उपयोगी पडतो.

देणारा मिळालाच नाही तर

ऑफरचा रकाना रिकामा असेल तर स्वतःची बिड लावता येते. शेवटच्या झालेल्या सौद्याची फी पाहा, फ्युचरचा डिस्काउंट पाहा, आणि तुमच्या हिशेबात बसणाऱ्या कमाल फीच्या थोडी खाली बिड लावायला डेस्कला सांगा. कोणी देणारा आला तर किंमत-वेळेच्या क्रमाने जुळते. रोज सकाळी ती नव्याने टाकायला सांगायची आणि रोज एकदा फी तपासायची. आठवडाभरात कोणी आले नाही, तर वायद्यांत असलेल्या शेअरसाठी पुट ऑप्शनची (ठरलेल्या भावाला शेअर विकायच्या हक्काची) किंमत काढून पाहा. तिथे तोटा भरलेल्या प्रीमियमपुरताच राहतो. पण नफ्यात असलेला पुट समाप्तीपर्यंत ठेवला तर शेअर द्यावे लागतात, त्यामुळे समाप्तीच्या आधी त्यातून बाहेर पडा. वायद्यांत नसलेल्या शेअरसाठी पुटही नाही. तिथे बिड रद्द करून मार्जिनचे पैसे मोकळे करून घ्या आणि पुढचा निकाल येईपर्यंत तो शेअर यादीत नुसता पाहत राहा.